सांगितलं म्हणजे पोचलं असं नाही

(रुग्णमित्र कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आठवड्याचे पाच दिवस कॉम्प्युटरसमोर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्यासारखाच रुग्णांबरोबर केसपेपरच्या रांगेत उभा असतो. त्यामुळे कुठल्या आजाराला कुठलं औषध, हे मी सांगणार नाही. डॉक्टर, नर्स किंवा आपण रुग्णमित्र जे सांगतो ते रुग्णापर्यंत पोचतं का, आणि पोचलं की नाही हे कसं ओळखायचं, एवढंच आज बोलणार आहे. निरोप पोचवणं हा माझ्या धंद्याचाही भाग आहे.

तुम्ही सगळे व्हॉट्सअॅप वापरता. मेसेज पाठवला की एक टिक येते. समोरच्याच्या फोनवर गेला की दोन टिक होतात. त्याने उघडला की त्या निळ्या होतात. पण 'समजलं' याची टिक व्हॉट्सअॅपमध्ये नाही. कुठलाही इंजिनिअर ती बनवू शकत नाही, कारण समजलं की नाही हे फोनला कळत नाही. ते माणसाला विचारूनच कळतं. आपल्या दवाखान्यांत बहुतेक वेळा काम पहिल्या टिकवरच थांबतं. "मी सांगितलं होतं" असं डॉक्टर म्हणतात, ते खरंही असतं. "मला कुणी सांगितलं नाही" असं रुग्ण म्हणतो, त्याच्या दृष्टीने तेही खरं असतं.

एक अभ्यास सांगतो. २००६ साली अमेरिकेत ३९५ रुग्णांना औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं वाचायला दिली होती. एका लेबलवर लिहिलं होतं, दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा घ्या. ज्यांचं वाचन सहावीच्या पातळीपर्यंतच होतं, अशांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ते वाक्य बरोबर सांगितलं. मग त्यांना म्हटलं, दिवसभरात किती गोळ्या घ्याल ते मोजून दाखवा. चार गोळ्या बरोबर मोजणारे निघाले फक्त ३५ टक्के. वाचणं आणि करणं यांच्यामध्ये अर्धी माणसं गळाली. आणि ही त्यांच्या स्वतःच्या देशातली, स्वतःच्या भाषेतली लेबलं होती.

आता आपल्याकडची चिठ्ठी बघा. १-०-१ असं लिहिलेलं असतं. म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. आपल्याला सवय आहे म्हणून ते सोपं वाटतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो आकडा एकशे एक दिसतो. मग बीडी, टीडीएस, एसओएस. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, पण आपल्या वस्तीत हा शब्द ऐकला की लोकांना भलतंच काहीतरी आठवतं. टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, पण नोकरदार माणसाला वाटतं पगारातून कापतात तो कर. हसू येतं, पण याच जागेवर जीवही जातो.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी कमी होतात, तोंडात फोड येतात आणि माणूस दगावू शकतो. जगभरात अशा घटना घडल्या आहेत. कारण सोपं आहे. बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, मग ही एकच वेगळी कशी लक्षात राहणार? उपायही सोपा आहे. "आठवड्यातून एकदा" एवढ्यावर थांबायचं नाही, वार ठरवायचा आणि तो वार पाकिटावर लिहायचा. आपल्या घरातल्या बाईला सांगायचं, "ही गोळी फक्त जुम्म्याला." जुम्मा कुणी विसरत नाही. सांगणं रुग्णाच्या आयुष्यात आधीपासून असलेल्या गोष्टीला बांधलं की ते टिकतं.

मग 'समजलं' याची टिक कशी मिळवायची? "समजलं का?" असं विचारून ती मिळत नाही. या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे, "हो, समजलं." मागे रांग उभी असते, डॉक्टर मोठा माणूस असतो, नाही म्हणायची शरम वाटते. म्हणून प्रश्न बदलायचा. "घरी गेल्यावर सूनबाईने विचारलं की डॉक्टर काय म्हणाले, तर तिला काय सांगाल?" किंवा, "मी घाईघाईत सांगितलं, नीट सांगितलं की नाही बघायचंय. ही गोळी कधी घ्यायची ते मला सांगता का?" यात परीक्षा सांगणाऱ्याची आहे, रुग्णाची नाही. रुग्णाने चुकीचं सांगितलं तर आपलं सांगणं कमी पडलं असं धरायचं, आणि तेच वाक्य मोठ्या आवाजात परत न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. इंजेक्शन, पंप, ड्रेसिंग असेल तर तोंडी उत्तरावरही थांबायचं नाही. "करून दाखवा" म्हणायचं.

लगेच कुणीतरी म्हणेल, भाऊ, सरकारी ओपीडीत एवढा वेळ कुठे आहे? प्रश्न बरोबर आहे. २०१७ साली ६७ देशांची माहिती एकत्र केली गेली. बांगलादेशात डॉक्टर एका रुग्णाला सरासरी ४८ सेकंद देतो, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. जगाची अर्धी लोकसंख्या अशा देशांत राहते जिथे हा वेळ पाच मिनिटं किंवा त्याहून कमी आहे. आपणही त्यातच आहोत. पण दुसरा एक अभ्यास बघा. २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयात मधुमेहाचे रुग्ण आणि त्यांचे डॉक्टर यांच्यातलं बोलणं रेकॉर्ड केलं गेलं. डॉक्टरांनी नवीन सांगितलेल्या गोष्टींपैकी फक्त १२ टक्के गोष्टी रुग्णाकडून परत वदवून घेतल्या होत्या. ज्यांच्याकडून वदवून घेतल्या, त्यांची साखर आटोक्यात असण्याचं प्रमाण जास्त होतं. आणि अशा भेटींना वेळ जास्त लागलेला नव्हता. तरीही डॉक्टरांना वेळ मिळाला नाही, तर बाहेरच्या बाकड्यावर ते काम आपण करू शकतो. रुग्णमित्राचं अर्धं काम तेच आहे.

आता वेगवेगळ्या गरजांकडे येऊ. पहिली भाषा.

माझी नानी रत्नागिरी जिल्ह्यातली. आयुष्यभर गावातली कोकणी बोली बोलली आणि मराठी बोलली. हिंदी तिला सिनेमातली तेवढीच. एका दवाखान्यात तिचा बुरखा बघून सिस्टरने हिंदी सुरू केली, "कल सुबह खाली पेट आना." सिस्टर मराठीच होती, नानीही मराठी. नानीने ऐकलं "खाली" आणि "पेट". मराठीत खाली म्हणजे वर नाही ते. तिला वाटलं, उद्या ओटीपोट तपासणार आहेत. सकाळी चहा-भाकरी खाऊन ती वेळेवर हजर झाली. रक्त घेताना विचारलं तेव्हा कळलं, आणि परत पाठवलं. रिक्षाचं भाडं गेलं, सोबत आलेल्या मामीची एक दिवसाची मजुरी गेली. "उपाशी पोटी या" हे तीन शब्द दोघींच्या भाषेत होते.

सिस्टरचा हेतू वाईट नव्हता. तिने कपडे बघून भाषा ठरवली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांनी मातृभाषा उर्दू सांगितली, म्हणजे उर्दू बोलणारे पुष्कळ आहेत. पण कोकणातला, साताऱ्या-सांगलीतला मुसलमान घरात काय बोलतो हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. मराठवाड्यातली दखनी ही पुस्तकी उर्दू नाही. आणि भिवंडीत उत्तर प्रदेशातून आलेला कामगार भोजपुरी बोलत असेल. म्हणून पहिला प्रश्न हाच असावा, "कुठल्या भाषेत बोलू?" आपली ओळख आपणच सांगायची असते, दुसऱ्याने ती कपड्यांवरून ठरवायची नसते. आपण हे मोर्च्यात म्हणतो, तेच दवाखान्यातही लागू आहे.

दुसरी गोष्ट, दुभाषी कोण? बहुतेक वेळा शाळेत जाणारी मुलगी. बारा वर्षांच्या पोरीने आईला सांगायचं की गाठ कॅन्सरची आहे? किंवा आईची पाळीची तक्रार डॉक्टरला समजावायची? ती घाबरते, अर्धं गाळते, अर्धं गोड करून सांगते. नवरा सोबत असेल तर तो बायकोच्या वतीने बोलतो, तिला विचारतही नाही. काही गोष्टी बाई त्याच्यासमोर सांगणारही नाही. अंगावरून पांढरं जातं, लघवीला जळजळ होते, घरात मार बसतो. म्हणून डॉक्टरांना अदबीने म्हणायचं, "दोन मिनिटं बाईंशी एकट्याने बोलाल का?" आणि सोबत एक कार्यकर्ती द्यायची. आपण दुभाषी असलो तर तीन नियम पाळायचे. जेवढं बोललं तेवढंच सांगायचं, आपलं मत घालायचं नाही. "ती म्हणते" असं न म्हणता तिचे शब्द तिच्याच तोंडचे म्हणून सांगायचे. आणि जे कळलं ते वस्तीत नेऊन बोलायचं नाही.

कागदावर सही किंवा अंगठा घेताना तर याचं महत्त्व फार मोठं आहे. जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत नसबंदीचं शिबिर झालं. दोन तासांत ५३ बायकांवर शस्त्रक्रिया केल्या गेल्या. देविका बिस्वास यांनी या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१६ साली निकाल आला. शस्त्रक्रियेची माहिती आणि तिचे परिणाम त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत सांगितले पाहिजेत, आणि तिचं मन बदललं तर त्यासाठी पुरेसा वेळ दिला पाहिजे, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. नुसता अंगठा म्हणजे संमती नव्हे. त्याआधी २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी चालत नाही. कागदावर काय लिहिलंय, हे विचारायला रुग्णाने घाबरायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट, ऐकू न येणारे आणि न दिसणारे रुग्ण. इथे माझा तंत्रज्ञानाचा अनुभव कामाला येतो.

कर्णबधिर माणसाशी बोलताना लोक ओरडतात. उपयोग शून्य. त्याच्या समोर, उजेडात उभं राहायचं, शक्य असेल तर मास्क खाली घ्यायचा, आणि बोलायचं त्याच्याशी, सोबतच्या भावाशी नाही. "लिहून देतो" हाही प्रत्येक वेळी उपाय नसतो. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि लिहिलेली मराठी त्यांच्यासाठी परकी असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषावर काम करते आहे. आपल्या गटातल्या दोघांनी सांकेतिक भाषेचं प्राथमिक शिक्षण घ्यावं, असं मी सुचवतो. तोपर्यंत दुभाष्याला व्हिडिओ कॉलवर घेता येतं. त्याला साधा फोन आणि बरा नेट लागतो.

अंध माणसाला प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठवू नका. फोनमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाइप केलेला मजकूर वाचतं, डॉक्टरांचं अक्षर त्याला नीट वाचता येईलच असं नाही. त्याऐवजी व्हॉइस मेसेज पाठवा. त्याला दहा वेळा ऐकता येतो. बाटल्यांना रबरबँड लावा, सकाळच्या औषधाला एक, रात्रीच्या औषधाला दोन. खोलीत आलात की नाव सांगा, जाताना "मी निघतो" म्हणा. वाचता न येणाऱ्यालाही व्हॉइस मेसेज आणि रबरबँड तितकेच उपयोगी. जनगणनेनुसार २०११ साली महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, म्हणजे लिहिलेली चिठ्ठी बऱ्याच जणांसाठी बंद दारासारखी आहे. एकासाठी केलेली सोय दहा जणांच्या कामी येते.

ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा, ब्रेल आणि मोठी अक्षरं येतात. सरकारी असो की खाजगी, रुग्णालयात दिव्यांगांना अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात प्राधान्य मिळालं पाहिजे असंही त्यात आहे.

चौथी गोष्ट रमजानची. १३ मुस्लिमबहुल देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. टाइप-२ मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के लोकांनी महिन्यात किमान १५ रोजे ठेवले होते. टाइप-१ म्हणजे इन्सुलिनवर जगणारे, त्यांच्यातही हे प्रमाण ४३ टक्के होतं. डॉक्टर नुसतं "रोजा ठेवू नका" म्हणाले तर रुग्ण मान हलवतो, घरी जाऊन रोजा ठेवतो आणि पुढच्या भेटीत खोटं बोलतो. सांगणं झालं, संवाद झाला नाही. आजारी माणसाला कुरआनने रोज्यातून सूट दिली आहे हे आपल्याला माहीत आहे, पण दवाखान्यात ते कुणी बोलत नाही, आणि घरात "लोक काय म्हणतील" ही भीती असते.

योग्य मार्ग असा, की रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरकडे जायचं आणि उघडपणे विचारायचं, "मला रोजे ठेवायचे आहेत, माझा धोका किती?" काहींना डॉक्टर साफ नाही म्हणतील. काहींच्या औषधाच्या वेळा सेहरी आणि इफ्तारला बांधून देतील. गोळ्या आणि इन्सुलिन स्वतःच्या मनाने बदलायचं नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की साखर ७० च्या खाली गेली, ३०० च्या वर गेली किंवा चक्कर, घाम, थरथर अशी लक्षणं दिसली तर रोजा लगेच सोडायचा. बोटातून थेंबभर रक्त घेतल्याने रोजा तुटतो असा समज आहे, पण बहुतेक उलेमांच्या मते तो तुटत नाही. जुम्म्याच्या खुतब्याआधी इमामसाहेबांनी एवढं एक वाक्य सांगितलं तरी कितीतरी लोक वेळेवर साखर तपासतील. पोलिओच्या मोहिमेत हे आपण पाहिलं आहे. अफवा होत्या, घरं बंद होत होती. मग मशिदींतून आवाहनं झाली, वस्तीतल्याच बाया दारोदार गेल्या. १३ जानेवारी २०११ नंतर देशात रानटी विषाणूच्या पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही.  कोण सांगतं आणि कुठल्या भाषेत, हे बदललं होतं.

शेवटी माझ्या धंद्याबद्दल एक सावधगिरी. मोबाइलवरचं भाषांतर उपयोगी आहे, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २०१९ साली अमेरिकेत डिस्चार्जच्या सूचनांचं गूगलने केलेलं भाषांतर तपासलं गेलं. स्पॅनिश ९२ टक्के बरोबर निघालं, चिनी ८१ टक्के. चुकलेल्या वाक्यांतली काही रुग्णाला इजा करू शकतील अशी होती. वापरायचंच तर छोटी वाक्यं टाका, आणि आलेलं भाषांतर उलटं करून मूळ वाक्य परत मिळतं का ते बघा. "नाही", "नको" आणि आकडे दोनदा तपासा. आणि रुग्णाचा रिपोर्ट, नाव, फोटो आपल्या ग्रुपवर टाकू नका. तोही विश्वासघातच आहे.

आता सोमवारपासून काय करायचं? प्रत्येक रुग्णाला पहिला प्रश्न, कुठल्या भाषेत बोलू? दुसरा, ऐकायला, बघायला, वाचायला काही अडचण आहे का? बाहेर पडताना तीन गोष्टी त्याच्याच तोंडून ऐकायच्या. मला काय झालंय, मी काय करायचंय, आणि काय झालं तर लगेच परत यायचंय. तीनपैकी एक जरी आली नाही, तर रुग्णाला घेऊन परत आत जायचं. डॉक्टर चिडतील, तेव्हा भांडायचं नाही. "साहेब, माझ्याकडून त्यांना नीट समजावता आलं नाही, एकदा तुम्ही सांगा" एवढं म्हणायचं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत, माहिती आणि समजून दिलेली संमती त्यातच येतात. खाजगी रुग्णालयांनाही रुग्णहक्कांची सनद लावायला महाराष्ट्राने २०२१ मध्ये नियम केला. ती भिंतीवर आहे का बघा. नसेल तर लेखी विचारा.

आपण इतकी वर्षं म्हणत आलो की आमचं ऐकलं जात नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला नेमकं तेच वाटत असतं, मग तो कुठल्याही धर्माचा असो. त्याला दोन मिनिटं बोलू द्या. त्याच्या तोंडून आलं, की पोचलं.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.